साठातले पाच

बायोडेटासाठी ताईचे, म्हणजे माझ्या मावसबहिणीचे, फोटो काढायला आम्ही बदनापूरला गेलो. जालना रोडवरचा छोटासा स्टुडिओ, तासाभरात साठेक क्लिक्स! रोलच्या जमान्यात ३६ फ्रेम्स झाल्या की विषय संपायचा. आता खरं काम नंतर सुरू होतं.

स्टुडिओवाले दादा कॉम्प्युटरवर भराभर फोटो बाद करत सुटले. मिटलेले डोळे, हललेला हात... ठीक. पण एकात ताई मस्त खळखळून हसतेय, हनुवटीवरचा व्रण स्पष्ट दिसतोय. तोही बाद!

"हा दाखवायचाच नाही. गिऱ्हाईक नेमकं त्यालाच धरून बसतं."

म्हणजे कुठले पाच दाखवायचे, यातच निम्मा निकाल लागलेला! मुलाखतीतलं काय छापायचं हे मीही असंच परस्पर ठरवते, त्यामुळे गप्प बसले. शिवाय साठच्या साठ दाखवले तर घरचे गोंधळतात, हेही खरंच.

ताई मात्र म्हणाली, "दादा, तो हसरा परत दाखवा."

"अगं, व्रण दिसतोय," मावशी.

"बघायला आल्यावर दिसणारच आहे ना?"

दादांनी व्रण पुसून द्यायची ऑफर दिली. ताईचं ठाम "नको".

सहावा म्हणून तो पेन ड्राइव्हवर आला. मावशीनं अजून तो कुणालाच पाठवलेला नाही.