औंढ्याच्या चढावर थांबलेली गाडी

जिंतूर सोडून औंढा नागनाथकडे निघालो की मराठवाड्याची सपाट काळी जमीन मागे पडते आणि टेकड्या सुरू होतात. मार्चअखेर इथे शेताशेतांतून हळद शिजवण्याचे कुकर वाफाळत असतात आणि उन्हात पसरलेल्या हळदीने खळी पिवळी दिसतात. पूर्णेवरील सिद्धेश्वर धरण याच तालुक्यात आहे आणि नागनाथाचे प्राचीन हेमाडपंती मंदिरही. शेजारच्या दुधाळा गावाजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा होणार आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील.

हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळी होऊन जिल्हा झाली. गाड्यांवर एमएच ३८ दिसू लागले की आपण या जिल्ह्यात आलो हे लहान मुलेही ओळखतात. आम्ही आठ जण कळमनुरीला, मामूंच्या मुलाच्या वलीम्याला निघालो होतो. गाडी सात आसनांची, डिझेलची, चौदा वर्षांची.

औंढ्याच्या पुढे एका चढावर तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला. अब्बांनी तिथेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले. बॉनेटखालून वाफ येत होती. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडायचे नसते, उकळते पाणी तोंडावर उडते. म्हणून आम्ही लिंबाच्या सावलीत बसून राहिलो. शेवटी शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर आला. डिझेलपुरते ५०० रुपये घेऊन त्याने गाडी ओढत हिंगोलीला आणून सोडली.

पहिल्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडताच निकाल मिळाला. "हेड गेलं. इंजिन उतरवावं लागेल. साठ हजार धरून चला." अम्मी काही बोलल्या नाहीत. घरात तेवढीच रक्कम होती आणि ती धाकटीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेली. जून जवळ आला होता. नेहमीच्या मोटार विम्यात असा यांत्रिक बिघाड बसत नाही, हे अब्बांना माहीत होते.

मामूंनी फोनवर एका जुन्या मिस्त्रीचा पत्ता दिला. त्यांनी आधी डिपस्टिक काढून पाहिली. तेल दुधट झाले नव्हते. मग पाणी भरून इंजिन चालू केले आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का, ते पाहिले. आले नाहीत. सायलेन्सरमधून पांढरा धूरही नव्हता.

"चाचा, गॅस्केट शाबूत आहे. तुम्ही वेळेवर बंद केली म्हणून वाचली. पाणी कुठून गेलं, ते बघू."

खालचा होज पाईप क्लिपखाली फाटला होता आणि थर्मोस्टॅट अडकलेला होता. पाईप ६५०, क्लिपा १००, थर्मोस्टॅट ९००, कूलंट १,२००, मजुरी १,०००. एकूण ३,८५० रुपये. जुने भाग त्यांनी न मागता अब्बांच्या हातात ठेवले.

वाचकहो, लांबच्या वाटेवर प्रत्येक कुटुंबाला हा प्रसंग येऊ शकतो. काटा लालकडे गेला की "पुढच्या गावापर्यंत" म्हणून गाडी रेटू नये. त्या चार-पाच किलोमीटरमध्ये हेड वाकते आणि हजारांचे काम लाखाकडे जाते. तपासणीआधी सांगितलेला आकडा हा अंदाजच असतो. कोणत्या तपासणीवरून निदान केले, हे विचारावे. अंदाजपत्रक लिहून घ्यावे, काढलेले भाग परत मागावेत आणि खर्च मोठा असेल तर दुसऱ्या मिस्त्रीला दाखवावे. साधे पाणी सतत ओतल्याने आत क्षार साचतात, म्हणून कूलंटच वापरावे. उन्हाळ्यापूर्वी होज पाईप हाताने दाबून पाहावेत. कडक झालेला किंवा तडकलेला पाईप तेव्हाच बदलला तर काही शेकड्यांत भागते.

गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, त्याचे शुल्क आता ५,००० रुपये आहे. तेव्हा ती ठेवायची की विकायची, हा हिशेब पुढच्या वर्षी मांडू. वलीम्याला आम्ही दोन तास उशिरा पोहोचलो, जेवण मात्र राखून ठेवले होते. धाकटीची फी जूनमध्ये भरली.