सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही: आधी धूर बघा

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितो. थंडी पडली की गावात पहाटे हाच आवाज येतो. सेल्फ घर्रघर्र फिरतोय आणि इंजिन काही धरत नाही. मग चार पोरं धक्का मारतात, मग ट्रॅक्टरला टोचन लावतात, आणि शेवटी कोणीतरी सांगतं, "बॅटरी बदल."

आता सेल्फ जोरात फिरतोय याचा अर्थच असा की बॅटरी, वायरी आणि सेल्फ मोटर कामावर आहेत. रडत रडत फिरत असेल तर गोष्ट वेगळी. भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती १० च्या बरीच खाली जात असेल तर बॅटरी आणि टर्मिनल बघा. तसं नसेल तर बॅटरीवर एक रुपया घालू नका.

जुन्या डिझेल इंजिनाला दोनच गोष्टी लागतात: वेळेवर डिझेल आणि दाबून तापलेली हवा. ठिणगी लागतच नाही. १८९७ साली रुडॉल्फ डिझेलने जर्मनीत हे इंजिन चालवून दाखवलं, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. आपल्याकडे निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रावर पारा ५-६ अंशांवर आल्याच्या बातम्या थंडीत येतात. इतक्या गारठ्यात आत आलेली हवा दाबूनही पुरेशी तापत नाही, म्हणून हीटर दिलेले असतात. त्यामुळे थंडीत गाडी अडली की सगळे हीटरवर बोट ठेवतात.

माझ्याकडे मेकॅनिकल पंपाची जुनी डिझेल जीप आहे. घरात दुसरी चारचाकी नाही. माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं, डायलिसिस असतं, आठवड्यातून दोनदा, नाशिकला. सकाळी साडेपाचला निघावंच लागतं, कारण पाळी चुकली की पुढची मिळेपर्यंत त्याच्या पायांवर सूज येते, दम लागतो. अशात डिसेंबरमध्ये जीप पहाटे अडायला लागली. दोनदा शेजाऱ्याची गाडी मागून वेळ निभावली. पण दर वेळी मागणार कोणाकडे?

पुतण्या म्हणाला, "तात्या, हीटर गेलेत, चारही टाकून घेऊ." पंप दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगितलं की पंप उतरवावा लागेल, गाडी चार दिवस ठेवा, खर्च हजारात जाईल. पैशाचं पुढचं पुढे, पण चार दिवसांत दादाची एक पाळी येत होती. म्हणून पुतण्याला म्हटलं, आज काहीच उघडायचं नाही. मी सेल्फ मारतो, तू मागे उभा राहून सायलेन्सर बघ.

दहा सेकंद सेल्फ मारला. थोडं थांबून परत दहा. सायलेन्सरमधून धूर अजिबात नाही.

इथेच निम्मा निकाल लागतो. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोहोचतंय पण पेटत नाही. मग हीटर, कॉम्प्रेशन, टायमिंग बघायचं. धूरच नसेल तर डिझेल पोहोचतच नाही, तिथे चार नवे हीटर टाकून काय होणार? द्राक्षाचं पान पिवळं दिसलं की आपण आधी बघतो, खालचं जुनं पान की शेंड्याचं कोवळं. जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राचा संशय, कोवळ्या पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोहाचा. हे न बघता औषध आणणारा दोन्हीचे पैसे घालतो. धुराचंही तसंच आहे.

पुढची पायरी पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड. चावी फिरवली की 'टक्' असा आवाज यायला हवा. त्याला करंट नसेल तर पंप डिझेल सोडत नाही. आमच्या जीपचा आवाज येत होता.

मग फिल्टरवरचा हातपंप दाबला. तो पहिल्यांदा पोकळ लागला, वीस-पंचवीस वेळा दाबल्यावर कडक झाला, आणि जीप लगेच चालू. म्हणजे लाईनमध्ये एअर. दिवसभर कितीदा बंद-चालू करा, काही तक्रार नाही. रात्रभर उभी राहिली की अडते. याचा अर्थ रात्रीतून कुठून तरी हवा शिरते आणि डिझेल माघारी टाकीत उतरतं. पण कुठून? जीपखाली एक थेंबही सांडलेला नव्हता.

सांडणारही नाही. टाकीपासूनची नळी डिझेल ओढून घेते, म्हणून तिला चीर पडली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. ही चीर डोळ्याला सापडत नाही. म्हणून त्या रात्री जीप मळ्याच्या उतारावर तोंड खाली करून, हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून उभी केली. असं केलं की मागची टाकी इंजिनापेक्षा वर येते. गारठा आदल्या रात्रीएवढाच होता. सकाळी जीप पहिल्याच सेल्फला चालू झाली. हीटर गेले असते तर उताराने काही फरक पडला नसता. आणि फिल्टरकडे येणाऱ्या रबरी नळीच्या क्लिपखाली जमिनीवर डिझेलचे दोन ओले ठिपके दिसले. हवा ज्या चिरेतून आत जात होती, तिच्यातूनच उतारावर डिझेल बाहेर आलं होतं.

खात्रीसाठी रात्री फिल्टरची नळी काढून स्वच्छ डिझेलच्या, वर टांगलेल्या कॅनला जोडली. सपाट जागेवर, सकाळी, परत पहिल्याच सेल्फला चालू. पंप आणि नोझल निर्दोष ठरले. नवी नळी आणि दोन क्लिपा, दोनशेच्या आत काम झालं. पंप उतरवला नाही. दादाची पाळी चुकली नाही.

जुनी पेट्रोल व्हॅन असेल तर धुराच्या जागी प्लग बघा. सेल्फ मारून मग प्लग काढायचा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी तपासा. कोरडा असेल तर पेट्रोलची लाईन आणि कार्बोरेटर. ठिणगी बघताना जवळ सांडलेलं पेट्रोल नको.

तीन गोष्टी करू नका. एअर फिल्टरपाशी पेटता बोळा धरू नका. हीटरच्या इंजिनात इथरचा स्प्रे मारू नका, तापलेल्या हीटरवर तो अवेळी भडकतो आणि इंजिन फुटू शकतं. आणि नवी कॉमन रेल गाडी असेल तर प्रेशरच्या नळ्यांना पाना लावू नका. तिथे हजार बारच्या वर दाब असतो, ती धार कातडीत घुसते. हे सगळं फक्त जुन्या मेकॅनिकल पंपासाठी आहे.

नाशिकच्या मायको सर्कलला नाव देणाऱ्या मायकोच्या, आताच्या बॉशच्या, सातपूरच्या कारखान्यात डिझेलचे नोझल बनतात. आपल्या भागातली कितीतरी पोरं तिथे कामाला होती आणि आहेत. त्यांना विचारा, नोझलच्या आत सुईला केसापेक्षाही कमी जागा असते. पाणी आणि कचरा हे तिचे शत्रू. म्हणून थंडीआधी फिल्टरखालचं पाणी सोडा, रबरी नळ्या वाकवून चिरा बघा, सैल क्लिपा आवळा. आणि फवारणीच्या वहीत एक पान गाडीसाठी ठेवा: कधी अडली, किती गारठा होता, धूर कसा होता, कशाने चालू झाली. मेकॅनिककडे जाताना ते पान सोबत न्या, म्हणजे तोही अंदाजाने काही उघडणार नाही.