भिडस्तांची मैत्री

भिडस्त माणसाविषयी जगाचा एक गोड गैरसमज असतो. त्याला एकांत फार प्रिय आहे, असे लोक परस्पर ठरवून टाकतात आणि मोठ्या समजूतदारपणे त्याच्या वाटेला जात नाहीत. वस्तुस्थिती नेमकी उलट असते. बोलघेवड्या माणसाला नुसता श्रोता हवा असतो, आणि तो आगगाडीच्या डब्यात मिळतो, न्हाव्याच्या दुकानातही मिळतो. भिडस्ताला हवा असतो मित्र. तो असा वाटेवर पडलेला नसतो. म्हणून भिडस्त वाट पाहत बसतो, आणि त्याच्या त्या बसण्यालाच लोक एकांताची आवड म्हणतात!

या गैरसमजाला उत्तर देणारा एक मराठी चित्रपट आहे. अविनाश अरुण यांचा 'किल्ला'. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्याच परीक्षक मंडळाने त्याला 'क्रिस्टल बेअर' दिले, आणि त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. गोष्ट म्हणाल तर एवढीशी. अकरा वर्षांच्या चिन्मयचे वडील वारले आहेत. आईची सरकारी नोकरी. तिची बदली होते आणि पुण्याचा हा मुलगा कोकणातल्या एका लहानशा गावी येऊन पडतो. नवी शाळा, नवा बाक, आणि शेजारी बंड्या नावाचे एक अर्क!

चिन्मय अभ्यासू, अबोल. बंड्या वाह्यात, तोंडाळ. पण मैत्री होते ती याच दोघांची. पुढे एकदा सायकली पिटाळीत मुले किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळू लागतो, आणि चिन्मय त्या ओल्या, काळ्या भिंतींत एकटाच मागे राहतो. मित्र निघून गेलेले असतात. त्यांच्या मनात कपट नसते, पोरेच ती. पण भिडस्त मुलाला हे कोणी सांगावे? दुसरा एखादा असता तर भांडला असता, दोन गुद्दे देऊन मोकळा झाला असता. चिन्मय बोलणेच बंद करतो. भिडस्तांचे भांडण असेच असते. त्याचा आवाज होत नाही, म्हणून ते लवकर मिटतही नाही.

हा चित्रपट मी माझ्या मुलाबरोबर घरी बसून पाहिला. तो यंदा दहावीत आहे, आणि त्याचे दिवसाचे बोलणे एका पोस्टकार्डावर मावेल. चित्रपट संपल्यावर तो एवढेच म्हणाला, "बाबा, त्यांची पुन्हा बदली व्हायला नको होती."

त्याचे म्हणणे मला कळले. कारण शेवटी मैत्रीचा सांधा जुळतो न जुळतो, तोच आईच्या बदलीचा हुकूम येतो. आणि आमच्या घरी सध्या अशाच एका बदलीची चर्चा चालू आहे. दहावीनंतर मुलाला शिकवणी-वर्गासाठी नागपूरला ठेवावे, असा सगळ्या नातेवाइकांचा आग्रह आहे. "तिथं नवे मित्र मिळतील," असे ते म्हणतात. जणू मित्र म्हणजे खोलीबरोबर मिळणारी खाट! त्याला आजवर एकच मित्र मिळाला आहे, आणि तो मिळायला तीन वर्षे लागली.

आमच्या आमगावातल्या अबोलपणाला आणखी एक कारण आहे. या धानाच्या मुलखात घरोघरी पोवारी, झाडीबोली, छत्तीसगढी, हिंदी अशा कितीतरी बोली नांदतात. माझ्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी मुले व्हरांड्यात धबधब्यासारखी बोलताना मी ऐकतो. वर्गात आले की 'शुद्ध' मराठीचा धाक त्यांची जीभ धरतो. माझ्या मुलाचा मित्र घरी पोवारी बोलणारा. तो आमच्या ओट्यावर येऊन सायकलची घंटी वाजवतो आणि माझा मुलगा चक्क मोठ्याने हसतो. ते हसू पाठ्यपुस्तकातल्या मराठीने त्याला दिलेले नाही.

आमच्या शेजारीच पदमपूर आहे. भवभूतीचे पद्मपूर ते हेच, असे मिराशींनी मांडले आणि आम्ही आमगावकरांनी ते अभिमानाने उराशी धरले. टीकाकारांना कंटाळलेल्या या आठव्या शतकातल्या कवीने 'मालतीमाधवा'च्या आरंभी आपला भरवसा काळावर टाकला. काळ अनंत आहे, पृथ्वी मोठी आहे. कधी तरी, कोठे तरी आपला समानधर्मा जन्मेल, अशी त्याची आशा. वर्गात हा श्लोक शिकवताना माझा कंठ दाटतो. पण पंधरा वर्षांच्या मुलाजवळ अनंत काळ कोठून असणार? त्याच्याजवळ असते ती यंदाची शाळा आणि मधली सुट्टी. शिवाय भिडस्ताला समानधर्माच हवा असतो, हे तरी कोणी सांगितले? दोन चिन्मय एका बाकावर बसवले असते, तर वर्षअखेरपर्यंत त्यांनी एकमेकांचे नावसुद्धा विचारले नसते! त्याला बंड्याच लागतो.

म्हणून मैत्री तुटणार असली तरी ती वाया गेली, असे मी म्हणणार नाही. गाव सोडताना चिन्मय काही आला होता तसा राहिलेला नाही. एकदा मित्र मिळतो, हे त्याला कळलेले आहे. पुढच्या गावी हीच त्याची शिदोरी.

नागपूरचा निर्णय अजून व्हायचा आहे. वर्गाची फी, खोलीचे भाडे, खानावळ असा जमाखर्च मी एका कागदावर मांडून ठेवला होता. परवा त्यात खाली एक ओळ वाढवली : 'मित्र'. समोर आकडा घातलेला नाही. कागद मात्र आता मुलासमोर ठेवणार आहे. पहिले मत त्याचे.