आंबे मे महिन्यात गेले, पैसे ऑगस्टमध्ये परत मागितले

आंब्याचा हंगाम मे अखेरीस संपतो, असं आपण म्हणतो. पण ज्यानं पेट्या ऑनलाइन विकल्या आणि कार्डावर पैसे घेतले, त्याचा हंगाम सप्टेंबरपर्यंत चालू असतो. गिऱ्हाईकाला बँकेत तक्रार करायला साधारण १२० दिवस मिळतात. २० मेला पोचायची पेटी असेल, तर मोजा, सप्टेंबरचा मध्य येतो. तोपर्यंत आपण पावसाच्या तोंडावर खतं घातलेली असतात, कल्टारचं आळवणं झालेलं असतं, गड्यांची मजुरी चुकती झालेली असते. आणि मग एक ईमेल येतो: अमुक व्यवहारावर चार्जबॅक लागला आहे, रक्कम वळती केली आहे, सात दिवसांत पुरावे द्या.

आमच्या देवगडातल्या घरी हे पहिल्यांदा ऐकल्यावर काका म्हणाले, "आंबो खाल्ल्यान आणि पैशे परत घेतल्यान? ह्यो खयचो न्याय?" यंदा आमच्याकडे असे दोन प्रकार झाले. एक जिंकलो, एक गेला. थेट विक्री करणारे बरेच जण हे पान वाचतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

चार्जबॅक म्हणजे काय

वाशीला माल पाठवला की पट्टी येते. हमाली, तोलाई, भाडं सगळं कापून उरलेलं आपलं. कापलं किती ते आधीच दिसतं, आणि हातात आलेले पैसे परत जात नाहीत. कार्डाचं उलटं आहे. पैसे आधी पूर्ण मिळतात, गेटवे आपली फी आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी कापतो, दोन-तीन दिवसांत खात्यात जमा. पण ते पैसे काही महिने पक्के नसतात.

कार्डवाला आपल्या बँकेला सांगतो, "माल मिळाला नाही" किंवा "सांगितला तसा नव्हता" किंवा "हा व्यवहार मी केलाच नाही." ती बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून आपल्या बाजूच्या बँकेकडे पैसे मागते. ती गेटवेकडे, आणि गेटवे आपल्याकडे. प्रत्येक तक्रारीला कारणाचा कोड असतो. व्हिसामध्ये १३.१ म्हणजे माल मिळाला नाही, १३.३ म्हणजे वर्णनाप्रमाणे नाही किंवा खराब, १०.४ म्हणजे दुसऱ्यानंच कार्ड वापरलं. ईमेल आला की आधी हा कोड बघायचा, कारण पुरावा त्याच कोडाला लागू पडणारा हवा. माल पोचल्याची पावती १३.३ ला फारशी उपयोगाची नाही.

आपल्यात एक समज आहे: ओटीपी टाकून पैसे आले म्हणजे आपण सुरक्षित. अर्धंच खरं. भारतात २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जास्तीची पडताळणी सक्तीची आहे. त्यामुळे "मी केलाच नाही" ही तक्रार सहसा आपल्यावर येत नाही, कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. पण ओटीपी एवढंच सांगतो की पैसे कार्डवाल्यानंच दिले. आंबे पोचले की नाही, बरे निघाले की नाही, हे ओटीपीला काय माहीत! परदेशी कार्डावर तर कित्येकदा ओटीपी नसतोच. मुलगा अमेरिकेत, आईवडील पुण्यात, पेटी पुण्याला, कार्ड तिकडचं. आपल्या धंद्यात ही ऑर्डर नेहमीची, पण जोखीम सगळ्यात जास्त तिच्यातच. यूपीआयलाही तक्रारीची आणि पैसे परत ओढण्याची स्वतःची पद्धत आहे, तेव्हा तिकडे काही होत नाही असंही समजू नका.

जो जिंकलो

तीन पेट्या, ५,७६० रुपये, पुण्यातली सोसायटी. तक्रार: माल मिळाला नाही. पेट्या गेटवर वॉचमननं घेतल्या होत्या. आमच्याकडे कुरिअरची सहीची पावती होती, गेटवरचा फोटो होता, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चौथ्या दिवशी त्यांच्याच नंबरवरून आलेला व्हॉट्सॲप निरोप होता: आंबे पिकायला लागलेत, वास छान येतोय. ऑर्डरवरचा फोन नंबर आणि हा नंबर एकच. सगळं तारखेच्या क्रमानं एका पीडीएफमध्ये लावलं, वर पाच ओळींचं पत्र. महिन्याभरानं पैसे परत जमा झाले. गिऱ्हाईकानं लबाडी केली असंही मी म्हणणार नाही. कार्ड त्यांच्या मुलाचं होतं आणि तक्रार त्यानं केली. पेट्या घरी पोचल्यात हे त्याला माहीत होतं की नाही, देव जाणे.

जो गेला

एक पेटी, दोन डझन, १,९२० रुपये. पाच फळांत साका निघाला. साका बाहेरून दिसत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे, आणि गिऱ्हाईकाला ते माहीत असायचं कारण नाही. त्यांनी कापलेल्या फळांचे फोटो पाठवले, आम्ही त्याच दिवशी पाच फळांचे ४०० रुपये गेटवेमधूनच परत केले. त्यांनी "ठीक आहे" म्हटलं. दोन महिन्यांनी उरलेल्या १,५२० वर तक्रार आली: माल वर्णनाप्रमाणे नाही. आम्ही परताव्याची नोंद, बोलणं, सगळं दिलं. तरी निकाल त्यांच्या बाजूनं लागला. त्यांच्याकडे कापलेल्या खराब आंब्यांचे फोटो होते. बाकीची एकोणीस फळं चांगली होती, याचा फोटो कोण काढून ठेवतो? खाल्ली की संपली.

पुढे भांडायची सोय असते, वरच्या पायरीवर नेटवर्क निवाडा देतं. पण तिथे हरणाऱ्याच्या अंगावर मोठी फी पडते. १,५२० रुपयांसाठी ते परवडत नाही, म्हणून सोडून दिलं. १,५२० म्हणजे आमच्याकडे दोन-तीन गड्यांची दिवसाची मजुरी. आकडा छोटा आहे, पण अशा दहा पेट्या झाल्या तर एका फवारणीचा खर्च गेला.

मला यातून काय दिसतं

बँकेतला माणूस आंबा चाखत नाही, तो कागद वाचतो. आणि कागद ठेवायची सवय खरं तर आपल्यालाच जास्त असायला हवी. मोहोर कधी आला, कोणती फवारणी कधी केली, काढणी कधी, हे आपण लिहितोच. निर्यातीसाठी अपेडाच्या मँगोनेटवर बाग नोंदवणाऱ्यांना तर हे पाठ आहे. तीच वही फक्त बागेच्या कवाडाशी थांबते. ती गिऱ्हाईकाच्या दारापर्यंत न्यायची, एवढंच.

आम्ही आता असं ठरवलंय:

१. विक्रीच्या पानावर आणि पेटीतल्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहायचं: फळ चौदा आणे तयार असताना काढलेलं आहे, हिरवं येईल, घरी आठ-दहा दिवसांत पिकेल. हिरवे आंबे बघून "कच्चे पाठवले" म्हणणारे खूप असतात.

२. साक्याबद्दलही तिथेच लिहायचं: असं फळ निघू शकतं, कापलेल्या फळाचा फोटो अमुक दिवसांत पाठवा, तेवढे पैसे परत. पैसे देतानाच गिऱ्हाईकानं ही अट मान्य केल्याची खूण राहिली पाहिजे.

३. पेटी बंद करण्याआधी उघड्या पेटीचा एक फोटो, पेटीवर ऑर्डर नंबर दिसेल असा.

४. पेटी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी निरोप: "पेटी मिळाली का? फळ कसं आहे?" उत्तर आलं की जपून ठेवायचं. गिऱ्हाईक टिकतं, आणि पुरावाही होतो.

५. कार्डाच्या हिशोबात गिऱ्हाईकाला आपलं कोणतं नाव दिसतं ते गेटवेला विचारून घ्या. पेटीवर बागेचं नाव आणि बिलावर भलतंच नाव दिसलं, तर माणूस घाबरून तक्रार करणारच.

६. चार्जबॅक लागल्यावर वेगळा परतावा करू नका. गिऱ्हाईक फोनवर "मला पैसे पाठवा, मी तक्रार मागे घेतो" म्हणालं तरी नाही. दोन्हीकडून पैसे जातात. एक तर तक्रार मान्य करा, नाहीतर पुरावे द्या.

७. अनोळखी माणसाची घाईची मोठी ऑर्डर, परदेशी कार्ड, आणि मग "जास्त पैसे गेले, फरक दुसऱ्या खात्यावर पाठवा" असं आलं, तर तिथेच थांबा. कार्ड चोरीचं असू शकतं. परतावा ज्या कार्डावरून पैसे आले त्यालाच.

८. कार्डाच्या जमेतला थोडा भाग सप्टेंबरपर्यंत खात्यात पडू द्यायचा.

शेवटी एक गोष्ट. चार्जबॅकला शिव्या देणं सोपं आहे, पण हा गिऱ्हाईकाचा हक्क आहे आणि तो असायला हवा. अमेरिकेत १९७४ सालीच क्रेडिट कार्डाच्या चुकीच्या बिलांविरुद्ध कायदा झाला. आपणही ऑनलाइन फवारणी पंप मागवतो, ठिबकचे सुटे भाग मागवतो. विकणारा फोन उचलेनासा झाला की हीच सोय आपल्या कामाची. वाईट एवढंच वाटतं, की ॲपमधलं तक्रारीचं बटण आपल्या फोन नंबरापेक्षा जवळ असतं. म्हणून यंदापासून पेटीच्या झाकणावर आतून मोठ्या अक्षरात आमचा नंबर छापणार आहोत: "काही बिघडलं असेल तर आधी आम्हाला फोन करा." फळ खराब निघालं तर पैसे द्यायला आपण कधी नाही म्हटलंय? वाशीला न पाठवता थेट घरी पाठवायचं, ते गिऱ्हाईकानं आपल्याशीच बोलावं म्हणून ना!