बक्षीसपत्रावर सही नाही

सातारा
१६ जून २०२५

चिरंजीव बाळास,


काल फोनवर बोलणं भांडणावर गेलं आणि मी फोन ठेवून दिला. फोनवर तू मध्येच बोलतोस. कागदावर तुला ते जमणार नाही, म्हणून लिहिते आहे.

कुरिअरने पाठवलेला बक्षीसपत्राचा मसुदा मिळाला. पुण्याचा फ्लॅट माझ्या नावावर, 'प्रेम व आपुलकीपोटी'. मसुदा नीट केलाय. चतुःसीमा बरोबर आहेत, सोसायटीचं नाव बरोबर आहे. फक्त प्रेम याच महिन्यात का उतू आलं, तेवढं लिहायचं राहिलंय. सूनबाईने कायम पोटगीचा अर्ज केला, म्हणून. (सूनबाई म्हटलेलं तुला खटकेल. अकरा वर्षांची सवय हुकूमनाम्याने मोडत नाही.)

तुझं म्हणणं असं की घटस्फोट मार्चमध्येच झाला, नातं संपलं, मग आता पैसे कशाचे? मी ३३ वर्षं कोर्टात कारकुनी केली. हा प्रश्न विचारणारे पुरुष मी इतके पाहिलेत, की पुढचं वाक्य मला आधीच ऐकू येतं. १९५५ चा हिंदू विवाह कायदा काढ आणि कलम २५ वाच. हुकूमनामा होताना किंवा त्यानंतर केव्हाही अर्ज करता येतो. गंमत अशी की दावा तू लावलास. तो फेटाळला गेला असता, तर या कलमाखाली तिला काहीच मागता आलं नसतं. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. तू जिंकलास, म्हणून तिचा अर्ज उभा राहिला.

तुझं पुढचं वाक्य: घर सोडून ती गेली, कोर्टानेही ते मान्य केलं. खरंय. कलम २५ मध्ये दोघांच्या वर्तनाचा विचार होतो, तुझे वकील तो मुद्दा मांडतील, मांडू देत. पण दुसरं दारही आहे. पूर्वीचं १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. तिथे 'पत्नी' या शब्दात पुन्हा लग्न न केलेली घटस्फोटिताही येते. नवऱ्याला सोडून गेली म्हणून जिचा घटस्फोट झाला, तिलाही हे दार बंद नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं. आणि ती का गेली, ते तुला ठाऊक आहे, मलाही. निकालपत्रात ते आलेलं नाही एवढंच.

आमच्याकडे या अर्जांना 'खावटीची केस' म्हणत. शिपाई पुकारा करायचा तोही तसाच. खावटी काय, पोटगी काय, दोन्ही शब्दांची नजर पोटावर. बाईला दोन वेळचं मिळालं की संपलं, असा त्यांचा सूर आहे, आणि मला वाटतं निम्मी भांडणं या शब्दांनीच लावली आहेत. देणाऱ्याला भीक घातल्यासारखं वाटतं, घेणारीला हात पसरल्यासारखं. मी नोकरीला लागले तेव्हा १२५ खाली महिन्याला ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, नवरा कितीही मिळवता असो. केंद्राच्या कायद्यातून ती २००१ साली गेली. आता न्यायालयं पाहतात ते, नवऱ्याच्या घरात ती कशी राहत होती त्या राहणीकडे. पोटापुरतं मिळतं एवढ्यावर अर्ज निकाली निघत नाही.

सूनबाईला शिकवण्यांचे महिना बारा हजार मिळतात, हे तू मला दोनदा ऐकवलंस. तिसऱ्यांदा मी ऐकवते. तिची बँकेतली नोकरी होती. तुझी चेन्नईला बदली झाली, तेव्हा तिच्या राजीनाम्याचं पत्र टाईप कोणी केलं होतं? मी तेव्हा तुमच्याकडेच होते. 'माझ्या पगारात भागेल गं,' असं तू म्हणालास, ती हसली आणि तिने सही केली. त्याला नऊ वर्षं झाली. ती पदवीधर आहे, कमवू शकते, हे तुझ्या लेखी उत्तरात असेलच. पण कमवू शकणं आणि कमावणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असं सर्वोच्च न्यायालय म्हणतं. नऊ वर्षांनी कोणती बँक तिला जुन्या खुर्चीवर बसवणार आहे? ते पत्र टाईप केलंस तेव्हाच हे देणं लागू झालं, असं मी धरते.

आता तुझ्या फ्लॅटकडे येते. मला एक पक्षकार आठवतो. स्वतःला बेकार म्हणवायचा, प्रत्येक तारखेला तीच पुरसिस. एकदा नकलेचे पैसे भरायला माझ्या टेबलाशी आला. नोटा मोजताना पाहिलं, तर उन्हाने रापलेल्या बोटावर अंगठीएवढा पांढरा वण. अंगठी आत शिरण्यापूर्वी काढून खिशात टाकलेली. मी काही बोलले नाही, आमचं ते काम नव्हतं. त्याची बायको बाहेर व्हरांड्यात बसलेली असे. येण्याजाण्याच्या एसटीत तिचा दिवस जायचा आणि पुढची तारीख हातात पडायची. तुझं बक्षीसपत्र हाती आलं आणि मला तो वण आठवला. बाळ, मला तुझा खिसा व्हायचं नाही.

कायद्याचंही ऐक. बक्षीस घेणाऱ्याने स्वीकारल्याशिवाय पुरं होत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२२. तेव्हा माझ्याशिवाय तुझं चालणार नाही. त्याच कायद्याचं कलम ३९ तुझ्या वकिलांनी तुला वाचून दाखवायला हवं होतं. मिळकतीच्या उत्पन्नातून ज्याला पोटगीचा हक्क आहे, त्याचा हक्क ती मिळकत फुकट घेणाऱ्याच्याही मागे येतो. उद्या माझ्या म्हातारपणी मला प्रतिवादी करशील. शिवाय कलम २५ खाली न्यायालय तुझ्या स्थावर मिळकतीवर बोजा ठेवू शकतं. अर्ज दाखल झाल्यावर महिन्याभरात झालेलं बक्षीसपत्र पाहून न्यायाधीशांच्या मनात काय येईल, ते सांगायला ज्योतिषी नको.

आणि लपवून राहतं कुठे? नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने २०१५ साली ठरवलेल्या अंतरिम पोटगीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ४ नोव्हेंबर २०२० ला निकाली निघाला. अंतरिम शब्दाची एवढी थट्टा मी दुसरीकडे पाहिली नाही. पण त्या निकालाने एक काम चांगलं केलं. दोघांनीही मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. त्यामुळे तारखा ओढून काही वाचत नाही, थकबाकी वाढते. निव्वळ पगाराचा चौथा हिस्सा योग्य, असं २०१७ च्या एका निकालात आहे, पण ते काही ठरलेलं माप नाही. हिशेबात तू गाडीचा हप्ता धरलायस. प्राप्तिकर वजा होतो बाळ, हौस वजा होत नाही. थकवलीस तर पगारावर जप्ती येते, आणि पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुटा राहतो. कलम १४४ खाली थकलेल्या एकेका महिन्यासाठी महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली तरी रक्कम फिटत नाही.

तुझी बाजू मला दिसत नाही असं समजू नकोस. शपथपत्र तिनेही द्यायचं आहे, शिकवण्यांचे बारा हजार तिने लपवता कामा नयेत. तुझी नोकरी गेली तर कलम २५ मध्येच रक्कम कमी करून मागण्याची सोय आहे. तिने पुन्हा लग्न केलं तरी तुला अर्ज करता येईल. आणि नांदेडची ती बातमी तू मला पाठवलीस, शिक्षिकेने घटस्फोटित नवऱ्याला महिना तीन हजार द्यायचे. ती खरी आहे, २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो आदेश कायम केला. कलम २५ मध्ये नवरा किंवा बायको, कोणीही मागू शकतं. तू ती बातमी चिडून पाठवलीस, मी वाचून खूश झाले. ज्याच्याकडे आहे त्याने द्यायचं, तो पुरुष असो की बाई.

एक मात्र बजावते. त्याच कलमात तिच्या चारित्र्यावर बोट ठेवून पोटगी बंद करण्याची वाट आहे. १९५५ पासून तशीच. एखादा वकील ती सुचवेल. असल्या अर्जांच्या नकला मी स्वतःच्या हाताने काढल्या आहेत आणि घरी येऊन हात धुतले आहेत. त्या वाटेने गेलास तर या घरी येऊ नकोस. गेल्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच उच्च न्यायालयाच्या २००४ च्या पूर्णपीठाचे कान धरले. रद्दबातल लग्नातल्या बाईला त्या निकालात 'अनौरस बायको' म्हटलं होतं. असा शब्द वापरणं बाईच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारं आहे, असं खंडपीठाने लिहिलं. लिहिणारे न्यायमूर्ती अभय ओक, आपल्या ठाण्याचे. शब्द काढायला २१ वर्षं लागली, तेव्हा तुझ्या अर्जातला शब्द काढायला किती लागतील, याचा विचार कर.

नातीचा खर्च तू वेळेवर देतोस, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

शपथपत्रात फ्लॅट दाखव. शेतातला हिस्साही दाखव, सातबारा मी उद्या काढून पाठवते. तिच्याशी मी बोलले नाही आणि बोलणारही नाही. तडजोड करायची तर समुपदेशकासमोर बसा दोघं. मसुदा याच पाकिटात परत घातला आहे. माझ्या नावापुढची जागा कोरी आहे.

तुझी,
आई