हे विशेषण कोणाचे?

वर्गात गद्याचे वाचन करताना आम्ही विद्यार्थ्यांना एक प्रश्न नेहमी विचारतो: हे विशेषण कोणाचे? लेखकाचे, निवेदकाचे, की एखाद्या पात्राचे? आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. हा प्रश्न आमच्या इतका अंगवळणी पडलेला की तो कधी आमच्यावरच उलटेल असे वाटले नव्हते. तो उलटला न्यू जर्सीतील एका मोठ्या दुकानात, मांसाच्या शीतकपाटासमोर.

सुट्टीत धाकट्या भावाकडे गेलो होतो. भावजयीची शस्त्रक्रिया झालेली, त्यामुळे बाजारहाट आमच्याकडे आला. तिने दिलेल्या यादीत बीफचा खिमा होता. आम्ही मासे-कोंबडी खाणारे. बीफ आमच्या घरात कधी शिजलेले नाही. सोबत नऊ वर्षांचा पुतण्या होता. त्याने सरळ विचारले, "काका, यातलं चांगलं कोणतं?"

समोर सगळी विशेषणेच होती. नॅचरल, ग्रास-फेड, प्राइम, चॉइस, ऑरगॅनिक. शब्द सारे ओळखीचे, आणि तरीही उत्तर देता येईना. त्या रात्री आम्ही अमेरिकी कृषिखात्याचे नियम वाचत बसलो, तेव्हा ध्यानात आले की त्या एवढ्याशा चिठ्ठीवर तीन वेगवेगळे आवाज बोलत असतात.

पहिला आवाज शासनाचा. तपासणीचा गोल शिक्का कायद्याने सक्तीचा आहे. तो मांस खाण्यायोग्य आहे एवढेच सांगतो. दुसरा आवाज परीक्षकाचा. प्राइम, चॉइस, सिलेक्ट या प्रती ठरवतो शासकीय परीक्षकच. पण प्रत लावून घेणे ऐच्छिक असते आणि त्याचे शुल्क कारखाना भरतो. ती मुख्यतः जनावराचे वय आणि मांसातील चरबीची जाळी पाहून ठरते. म्हणजे 'प्राइम' हा रुचीचा निर्वाळा झाला, आरोग्याचा नव्हे.

तिसरा आवाज विक्रेत्याचा, आणि खरी मौज तिथेच आहे. 'नॅचरल' याचा अर्थ कृत्रिम घटक वा रंग घातलेला नाही आणि प्रक्रिया अगदी कमी केली आहे, इतकाच. जनावर कसे जगले याविषयी तो शब्द मूक आहे. 'ग्रास-फेड'ची स्वतःची व्याख्या कृषिखात्याच्या विपणन विभागाने जानेवारी २०१६ मध्ये मागे घेतली. आता उत्पादकाने सादर केलेली कागदपत्रे पाहून तो दावा मंजूर होतो. त्यामानाने 'ऑरगॅनिक'मागे नियमांचे बळ अधिक: चारा सेंद्रिय, वाढीसाठी संप्रेरके नाहीत, प्रतिजैविके नाहीत, वर्षातून किमान १२० दिवस चरणे, आणि दरवर्षी बाहेरच्या संस्थेची तपासणी. आणि 'प्रॉडक्ट ऑफ यूएसए'? परदेशातून आणलेले मांस अमेरिकेत केवळ प्रक्रिया करून बांधले तरी ते शब्द पूर्वी लावता येत. मार्च २०२४ मध्ये नियम बदलला: जन्म, संगोपन, कत्तल आणि प्रक्रिया हे सारे अमेरिकेतच व्हायला हवे. त्याचे पालन १ जानेवारी २०२६ पासून बंधनकारक ठरले.

आकडेही बोलतात तितके सरळ नसतात. '९० टक्के लीन' हे वजनाचे गणित. उष्मांकाच्या हिशेबाने त्याच खिम्यातील जवळजवळ निम्मी ऊर्जा उरलेल्या दहा टक्के चरबीतून येते. दुसऱ्या दिवशी पुतण्याला आम्ही उत्तर दिले: शिक्का पाहा, चरबीचा आकडा पाहा, मोठी विशेषणे सावकाश वाच. खिमा आणला आणि तापमापी लावून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवला. ती सूचनाही आम्हांला नियम वाचतानाच मिळाली होती.

त्या गोल शिक्क्यामागे एक कादंबरी आहे, हे साहित्याच्या वाचकांना सांगायला हवे. अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' १९०६ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि त्याच वर्षी अमेरिकेत मांस-तपासणीचा कायदा झाला. सिंक्लेअरला दाखवायचे होते शिकागोच्या कत्तलखान्यांतील कामगारांचे हाल. वाचक हादरले ते आपल्या ताटातील मांसाच्या काळजीने. शिक्का मांसाला मिळाला. ते कापणारे हात चिठ्ठीवर आजही नाहीत.

इथे आम्हांला आमचा वर्ग आठवला. दलित आत्मकथने शिकवताना 'चान्या' हा शब्द आला की 'वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या' असा अर्थ सांगून आम्ही पुढे जात असू. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आले; मराठवाड्यातील दलितांच्या स्वयंपाकघरातील शब्द त्यात सविस्तर नोंदले आहेत. त्याच वर्षी महाराष्ट्रात गोवंश-हत्याबंदी बैल आणि वळूंपर्यंत वाढली. दोन्ही घटना आम्हांला ठाऊक होत्या. मागच्या बाकावर हा शब्द घरी ऐकत वाढलेले कोणी बसले असेल, त्याला विचारावे, हे मात्र आम्हांला एकदाही सुचले नाही.

आम्ही दिलेला तो अर्थ चुकीचा नव्हता. पण ती आम्ही चिकटवलेली चिठ्ठीच होती. यंदा 'चान्या' हा शब्द आला की अर्थ सांगण्याआधी आम्ही थांबणार आहोत.