आजीचे शंभर बगळे

तुमच्या घरी कोणी 'आमच्या घराण्यातच गणित नाही' असं म्हणतं का? आमच्या घरी हे वाक्य माझं होतं. पाहुण्यांसमोर, हसत हसत आणि लेकीच्या देखत मी ते कितीदा तरी म्हटलं असेन.

सातवीत तिला बीजगणित सुरू झालं आणि पहिल्याच चाचणीत वीसपैकी चार गुण मिळाले. पेपर दप्तराच्या तळाशी चुरगळलेला सापडला. मी रागवायच्या आधीच ती म्हणाली, "तूच म्हणतेस ना, आपल्याला गणित येत नाही?" मला उत्तर सुचलं नाही.

सासूबाई तिथेच मेथी निवडत बसल्या होत्या. शाळा चौथीपर्यंतची. त्या नातीला म्हणाल्या, "ये इकडे, कोडं घालते. आकाशातून बगळ्यांचा थवा चालला होता. झाडावरचा एक बगळा म्हणाला, 'या या, शंभर जणांनो!' थव्यातला म्हातारा बगळा म्हणाला, 'आम्ही शंभर नाही रे बाबा. आम्ही आहोत तेवढेच आणखी, आमच्या निम्मे, आमच्या पाव आणि तू एक, असे मिळून शंभर.' तर सांग, थव्यात किती बगळे?"

तुम्हीही क्षणभर थांबा. करून बघा.

लेकीने वही आणली आणि घाबरत घाबरत लिहिलं: क्ष + क्ष + क्ष/२ + क्ष/४ + १ = १००. अपूर्णांक दिसताच पेन्सिल थांबली. "मला नाही जमत."

"ते क्ष राहू दे बाजूला," आजी म्हणाल्या. "थव्यात चार बगळे आहेत असं धर."

"पण चार नाहीयेत!"

"नसू देत. धरायला काय जातं? चार, आणखी चार, निम्मे दोन, पाव म्हणजे एक. किती झाले?"

"अकरा."

"आणि हवेत किती?"

"शंभर." मग जरा थांबून ती म्हणाली, "नाही, झाडावरचा एक वेगळा आहे. नव्व्याण्णव."

"अकराची नव्व्याण्णव व्हायला किती पट?"

"नऊ पट. म्हणजे चार नवे छत्तीस!" तिने लगेच ताळा केला: ३६ आणि ३६ बहात्तर, १८ मिळून नव्वद, ९ मिळून नव्व्याण्णव, वरचा एक. शंभर!

आजींनी चार का धरले, ते लक्षात आलं ना? चाराचे निम्मे आणि पावही पूर्णांकात येतात. आणि झाडावरचा बगळा आधी बाजूला का काढायचा? थवा दुप्पट झाला तर निम्मे आणि पावही दुप्पट होतात. तो एक मात्र एकच राहतो. त्याला न वगळता शंभराला अकराने भागायला गेलं की भाग जातच नाही.

त्या रात्री कुतूहल म्हणून मी शोधलं, तर काय! भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त हीच रीत आहे. तिचं नाव इष्टकर्म. सोयीची कोणतीही संख्या धरा, कोड्याप्रमाणे हिशेब करा आणि मग त्रैराशिकाने खरी संख्या काढा. हा ग्रंथ लिहिताना भास्कराचार्यांचं वय होतं ३६, आमच्या थव्याएवढंच! योगायोगच, पण लेकीला तो फार आवडला. त्याहून आवडला त्यांचा 'क्ष'. आपले जुने गणिती अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणत, म्हणजे 'जेवढे असेल तेवढे'. एकाहून जास्त अज्ञात असले की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. "म्हणजे क्ष म्हणजे 'जेवढे बगळे असतील तेवढे'? एवढंच?" तिने विचारलं. हो, एवढंच.

मग ती आपणहून मांडणीकडे वळली. सगळ्याला चाराने गुणलं की अपूर्णांक जातात: ४क्ष + ४क्ष + २क्ष + क्ष + ४ = ४००. म्हणजे ११क्ष = ३९६, म्हणून क्ष = ३६. आजींचे अकरा इथेही हजर!

दुसऱ्या दिवशी मी माझं पाकीट पुढे केलं. दहाच्या आणि विसाच्या मिळून ५० नोटा, रुपये ७००. विसाच्या किती? सगळ्या दहाच्याच धरल्या तर होतात ५००. कमी पडले २००. एक दहाची नोट काढून विसाची ठेवली की दहा वाढतात. म्हणून विसाच्या २०, दहाच्या ३०. हे मी सोडवलं, बरं का!

मग क्ष हवाच कशाला? त्याचं उत्तर लेकीनेच मला दिलं. मनात संख्या धरा, दुप्पट करा, १० मिळवा, निम्मं करा, मूळ संख्या वजा करा. उत्तर ५! कोणतीही संख्या घ्या, पाचच. असं का? आकडे घालून शंभर वेळा बघितलं तरी कारण कळत नाही. क्ष घेतला की दोन ओळींत कळतं: (२क्ष + १०) चे निम्मे क्ष + ५, त्यातून क्ष गेला, उरले ५. हिशेब एका संख्येचं उत्तर देतो. क्ष एकदम सगळ्यांचं.

पुढच्या चाचणीत तिला वीसपैकी अकरा मिळाले. फार नाहीत, पण पेपर चुरगळलेला नव्हता. तिने तो स्वतः माझ्या हातात दिला. मीही माझं ते वाक्य सोडून दिलं आहे. मुलं आपली वाक्यंही वारशाने घेतात, हे मला जरा उशिरा कळलं.

जाता जाता तुमच्यासाठी एक. आज आजींचं वय नातीच्या सहापट आहे. दोन वर्षांपूर्वी ते सातपट होतं. दोघींची वयं किती? क्ष घ्या, नाहीतर अंदाज धरून दुरुस्त करत जा. उत्तर आलं की ताळा करा. आणि शेजारी एखादं मूल असेल, तर त्याला आधी सोडवू द्या.